शिवार आणि संसार : काठ राखला तर शेत राहील



वर्षावास आला की विहारात ग्रंथवाचन सुरू होते. पण वर्षावासाचा नियम का झाला, हे मुलांना कुणी सांगते का? पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे गवत आणि बारीक जीवजंतू तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती मानली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला, असे विनयपिटकात आहे. ज्या गवताची भगवंतांनी कदर केली, त्याच गवताविषयी आज लिहावयाचे आहे.

पुष्कळ गावांत आपली वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला. वतनाच्या जमिनीचे तुकडेही तिकडेच. १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि नजराणा भरून जमिनी नावावर झाल्या. पण सातबाऱ्यावर दोन एकर आणि प्रत्यक्षात दीडच, अशी गत झालेली घरे थोडी नाहीत. उरलेला अर्धा एकर ओढ्याने नेला. बापजाद्यांनी राबून मिळविलेली माती अशी डोळ्यांदेखत वाहून जावी, याला काय म्हणावे?

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. आधी रोग ओळखा. पाणी काठाचा पायथा कोरते. पायथा पोकळ झाला की वरची माती आपल्याच वजनाने ढासळते. ओढा वळतो तेथे बाहेरच्या अंगाला धारेचा जोर जास्त, म्हणून कामाची सुरुवात तेथून करावी. पात्रातली वाळू उपसली की तळ खोल जातो आणि काठ अधिकच ढासळतो. तेव्हा वाळूउपसा थांबविणे हाही उपायच.

उन्हाळ्यात उभा काठ तासून उतरता करावा. पायथ्याशी मोठे दगड रचावेत. पहिला चांगला पाऊस झाला की निर्गुडी व वाळुंज यांच्या अंगठ्याएवढ्या जाड, दोन-तीन फूट लांब फांद्या तोडून उतारावर ठोकाव्यात. दोन भाग मातीत, एक भाग वर, आणि डोळे वरच्या दिशेला. या फांद्या मुळे धरतात.

त्यांच्या वर वाळ्याच्या आडव्या ओळी लावाव्यात. आपण माठात घालतो तोच हा वाळा. ठोंब फोडून चार ते सहा इंचांवर लावावा. त्याची मुळे सरळ खाली जातात, दहा फुटांपर्यंतही पोहोचतात आणि माती शिवल्यासारखी धरतात. काठावर करंज, जांभूळ, उंबर लावावेत, पण अगदी कडेला नको. बेशरम मात्र लावू नये. ती लवकर रुजते खरी, पण ओढाच अडवते.

पहिली दोन वर्षे गुरे-शेळ्या आत जाऊ देऊ नयेत. गवत वाढले की वरचे पाते कापावे, मुळे खणू नयेत. वाळ्याचे ठोंब घरीच पिशव्यांत वाढविता येतात. भांडी-भाजी धुतलेले पाणी त्याला पुरते. महिला मंडळाने हे काम मनावर घ्यावे.

कुणी म्हणेल, सिमेंटची भिंतच का बांधू नये? भिंतीवर आपटलेली धार समोरच्या काठावर किंवा खालच्या शेतावर जाते. आपले वाचवून शेजाऱ्याचे बुडवायचे, हा धम्म नव्हे. शिवाय भिंतीचा पाया धुपला तर तीही जाते. वस्तीतली घरेच धोक्यात असतील, तर मात्र ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून पक्क्या संरक्षणाची मागणी केलीच पाहिजे. गवत लावले म्हणून हक्क सोडू नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, तेव्हा पाटबंधाऱ्यांचा विषयही त्यांच्याकडे होता. दामोदर खोऱ्याच्या योजनेत नदीचा विचार संपूर्ण खोरे धरून झाला. आपला ओढा लहान असला तरी न्याय तोच. एकट्याने काठ बांधून भागत नाही. वरच्या-खालच्या सर्व शेतकऱ्यांनी, जात न पाहता, एकत्र बसावे. यंदा वर्षावासाच्या पहिल्या रविवारी विहारातून थेट ओढ्यावर जावे आणि प्रत्येक घराने वाळ्याचे निदान दहा ठोंब लावावेत.

जयभीम!