दस्तुरी नाक्याच्या पुढे

दस्तुरी नाक्यावर गाडी लावून आपण ‘इथे मोटारी नाहीत’ म्हणून माथेरानच्या लाल मातीचे फोटो टाकतो. त्याच चढावर हातरिक्षा चालत आली: पुढे ओढणारा, मागे ढकलणारे, मध्ये बसलेला पर्यटक.

६ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही म्हणत सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. उत्तम. पण पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांसाठी प्रतिष्ठेची हीच भाषा याच न्यायालयाने १९८०मध्ये वापरली होती. नेरळचा घाट चढायला तिला ४५ वर्षं लागली!

ई-रिक्षाने पर्यावरण बिघडेल, हे मला कधीच पटलं नाही. बॅटरीने जंगल बिघडतं आणि माणसाच्या छातीच्या भात्यावर चाललेली गाडी मात्र पर्यावरणपूरक?

परवानाधारक ओढणारे ९४. ई-रिक्षा आधी त्यांना, उरलेल्या आदिवासी महिला आणि इतर स्थानिकांना. पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असंही न्यायालय म्हणतं. खरी मेख इथेच आहे. दांडा सुटला आणि चावी ठेकेदाराकडे गेली, तर ओढणाऱ्याच्या हाती काय आलं? पुढच्या खेपेला ई-रिक्षात बसलात की विचारा: दादा, गाडी कोणाच्या नावावर आहे?