दोन आठवडे हसायचं नाही!

सुरुवातीलाच कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी ही आमची थर्ड लँग्वेज. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाच्या खात्यात टाका, मुद्दा तेवढा माझा माना.

मुद्दा आहे चेहऱ्यावरच्या दोन रेषांचा. हसताना नाकपुडीच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जी कमान उमटते ना, त्या. पटत नसेल तर आत्ता रूम पार्टनरला हसवून बघा. आपल्या वयात हसू थांबलं की रेष जाते. चाळिशीनंतर ती मुक्कामाला येते. कारण साधं आहे. गालाचे स्नायू ओठ वर खेचतात आणि कातडीला तिथेच घडी पडते. वयाबरोबर कातडीतलं कोलॅजेन कमी होतं, गालावरची चरबीची गादी खाली उतरते, आतल्या हाडाचा आधारही थोडा कमी होतो. ऊन आणि सिगरेट त्यात भर घालतात. (बॉइज हॉस्टेल, ऐकताय ना?)

हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी सिव्हिलची, टी.ई.ची विद्यार्थिनी. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तर मावशीने फराळाच्या ताटाशेजारी एक गुळगुळीत रंगीत पत्रक ठेवलं. ‘थ्रेड लिफ्ट’. म्हणाली, “तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, हा धागा टिकेल का?”

मावशी सत्तेचाळीस वर्षांची. एका खाजगी ऑफिसात रिसेप्शनवर आहे. तिचं हसणं आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. मला आधी चेष्टाच वाटली. “मावशी, काय हे फिल्मी खूळ!” असं मी म्हणून गेले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर भले होते. त्यांनी नीट समजावलं. भुलीचं इंजेक्शन देऊन, कानशिलाच्या बाजूने सुईवाटे कातडीखाली धागा सरकवतात. या धाग्याला बारीक बारीक काटे असतात, ते आत अडकतात. मग धागा वर ओढला की गाल थोडा उचलला जातो आणि खालची घडी सौम्य होते. म्हणजे घडी कोणी शिवत नाही, वरचा भार उचलतात. तास-दीड तासात घरी. धागा बहुतेक वेळा पॉलिडायॉक्सॅनोनचा, म्हणजे सर्जन आतल्या टाक्यांना वापरतात त्याच पदार्थाचा. शरीरातल्या पाण्याने तो सहा-आठ महिन्यांत विरघळतो. जाता जाता त्याच्याभोवती थोडं नवं कोलॅजेन तयार होतं, म्हणून परिणाम धाग्यापेक्षा थोडा जास्त टिकतो. पण कायमचा नाही.

“रेष जाईल का?” मावशीने विचारलं.

“जाणार नाही, मऊ होईल,” डॉक्टर म्हणाले. मग धोकेही सांगितले. सूज येते, काळंनिळं होतं. कधी कातडीला खळगा पडतो, कधी धाग्याचं टोक बाहेर येतं, दोन्ही गाल सारखे दिसत नाहीत, जंतुसंसर्ग होतो. क्वचित आतल्या नसेला इजा होते. शेवटी म्हणाले, “आणि दोन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही, कडक काही चावायचं नाही, खळखळून हसायचं नाही.”

हसण्याच्या रेषा घालवायच्या म्हणून हसायचं नाही! मावशीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघी तिथेच फुटलो. डॉक्टरही हसले. त्यांनाही त्या रेषा होत्याच.

आता तिच्या प्रश्नाचं माझं उत्तर. दोस्तहो, हा प्रकार म्हणजे आपलं प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच आहे. टेंडन ताणायचा, टोकाला अँकर करायचा, भार उचलायचा. काटेरी टाक्याचं अमेरिकन पेटंट १९६४ सालचं आहे, आणि नव्वदच्या दशकात मार्लेन सुलामानिद्झे या सर्जनने असे धागे चेहऱ्यासाठी आणले. कल्पना हुशार आहे, नाही कोण म्हणतं? पण पहिल्याच लेक्चरला सर काय सांगतात? ताण दिला तेवढा राहत नाही. क्रीप, रिलॅक्सेशन, अँकर स्लिप. आयएस १३४३ मध्ये या लॉसेसचा हिशेब करायला लावतात. काँक्रीटमध्ये ही गत, तर गाल म्हणजे मऊ, ओला, दिवसभर बोलणारा-खाणारा अवयव. तो सैल पडणारच. त्यात टेंडनच विरघळणारा. हे रिपेअर नाही, टेकू आहे. टेकू वाईट नसतो, पण त्याला टेकू म्हणूनच विकावं. त्या रंगीत पत्रकावर धोक्यांची एक ओळ नव्हती आणि खर्च मावशीच्या दोन पगारांइतका होता. डॉक्टरांनी जे तोंडी सांगितलं ते पत्रकावर का नाही, हा माझा पहिला आक्षेप.

एवढं बोलून मी खूश होते. लेख इथेच संपला असता. पण परत येताना रिक्षात मावशी म्हणाली, “साहेब तीनदा म्हणाले, जरा फ्रेश दिसत जा. समोर दुसरी खुर्ची टाकलीय. तेवीस वर्षांची मुलगी आहे, गोड आहे. माझंच काम शिकतेय.”

मग माझ्या लक्षात आलं, की मी डिझाइन तपासलं, लोड तपासलाच नाही.

आणखी एक गोष्ट आठवली. आठवीत माझे पुढचे दात पुढे होते. वर्गात ससा म्हणायचे. मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा दातांना तारा लावल्या. दोन वर्षं. त्याचे अर्धे पैसे मावशीने भरले होते. तेव्हा ती मला म्हणाली नाही, की देवाने दिलंय तसं राहा, मनाचं सौंदर्य महत्त्वाचं. मग आज मी कोणत्या तोंडाने तिला खूळ म्हणते? माझे सरळ दात दाखवूनच ना!

म्हणून माझं मत असं आहे. ज्याला करायचं त्याने धागे जरूर घालावेत. चेहरा ज्याचा त्याचा. फक्त पार्लरमध्ये नको, प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे, आणि ‘किती दिवस टिकेल, बिघडलं तर काय’ हे विचारून. पण बाईने नोकरी टिकवायला गालात धागा घालावा लागणं, हे मला मान्य नाही. मावशीला मी एवढंच म्हटलं, “आरशासाठी करायचं असेल तर कर, मी सोबत येईन. साहेबांसाठी असेल तर विचार कर. धागा आठ महिन्यांत विरघळतो, साहेब विरघळत नाही.”

ती हसली. पण मला माहीत आहे, माझ्या डायलॉगने तिच्या घराचा हप्ता भरला जात नाही.

आता आपल्याकडे येते. साहेबांना नावं ठेवणं सोपं आहे. मागच्या गॅदरिंगचे फिशपाँड आठवा. किती चिठ्ठ्या अभ्यासावर होत्या आणि किती कोणाच्या रंगावर, पिंपल्सवर, टकलावर? मी स्वतः एक लिहिली होती. ज्या मुलीवर लिहिली ती स्टेजवर हसली आणि नंतर दोन दिवस मेसला आली नाही. हॉल हसला तेव्हा मी सर्वांत जोरात हसत होते. उद्या आपल्यातलेच कोणी मॅनेजर होतील, समोरच्याला “जरा फ्रेश दिसत जा” म्हणतील, आणि त्यांना वाटेल आपण काळजीने बोललो.

या वर्षीच्या गॅदरिंगला फिशपाँड ठेवा, मजा येते. फक्त चेहऱ्यावरच्या चिठ्ठ्या बॉक्समधून काढून टाका. कमिटीला मी लेखी अर्ज दिला आहे. सही करायची असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात कागद आहे. सध्या त्यावर चार सह्या आहेत. त्यातली एक त्या मुलीची आहे.

मावशीने अजून ठरवलेलं नाही. काल फोन केला तर ऑफिसातून निघत होती. मी तिला ‘टेकू’वाला जोक आमच्या सरांच्या आवाजात ऐकवला. तिचं ते दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणारं हसू फोनमधून आलं. मग मध्येच थांबून ती हळू आवाजात म्हणाली, “थांब गं, साहेब येतायत.”