गरम पाणी मागायला लाजू नका

रात्रपाळी संपवून सकाळी सातला घरी यायचं. अंगावर वेअरहाऊसची धूळ, बाहेर कडाक्याची थंडी. शॉवरखाली उभं राहिलं की दोन मिनिटं कढत पाणी, मग एकदम बर्फासारखं, परत कढत. पश्चिम लंडनमधल्या आमच्या घरात आम्ही सहा जणांनी अख्खा हिवाळा असाच काढला. शेवटी शेवटी किटलीत पाणी तापवून बादलीत ओतायचो. गावाकडचा बंब यापेक्षा बरा, म्हणून हसायचो. पण मालकाला सांगायला कुणी तयार नव्हतं. "आपल्याकडचाच माणूस आहे, डिपॉझिट न घेता खोली दिली, त्याला काय बोलायचं?"

मित्रांनो, मला या गप्प बसण्याबद्दलच बोलायचंय.

इंग्लंडमध्ये गरम पाणी हे मालकाचे उपकार नाहीत. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं कलम ११ सांगतं की, सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात पाणी तापवायची आणि घर गरम ठेवायची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. करारात काहीही लिहिलेलं असो. पण एक मेख आहे. घरातला बिघाड मालकाला कळवल्यावरच साधारणपणे ही जबाबदारी सुरू होते. म्हणजे आपण गप्प बसलो तर कायदाही गप्प बसतो.

मात्र सांगण्याआधी स्वतः थोडं बघून घ्या. नाहीतर "तुम्ही माणसं जास्त, पाणी जास्त वापरता" हे उत्तर ठरलेलं आहे. आणि कधी कधी ते थोडं खरंही असतं. कॉम्बी बॉयलर गरम पाणी साठवून ठेवत नाही, नळ सोडला की वाहतं पाणी तापवतो. वर शॉवर आणि खाली किचनचा नळ एकदम चालू असला तर दोघांना मिळून कमीच पडणार. नळ अगदी बारीक सोडला तरी बॉयलर पेटत नाही.

तेव्हा एका वेळी एकच नळ पूर्ण सोडून बघा. गॅसचा प्रीपेड मीटर असेल तर पैसे संपलेत का ते पाहा. मग बॉयलरवरचा प्रेशरचा काटा बघा. बॉयलर थंड असताना तो साधारण १ ते १.५ बारवर हवा. दर आठवड्याला खाली येत असेल तर कुठेतरी गळती आहे. रेडिएटर चालू असतानाच नळाला गरम पाणी येत असेल, तर बहुतेक वेळा डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकलेला असतो. आमच्यासारखं गरम-थंड-गरम होत असेल, तर आत क्षार साचल्याची शक्यता मोठी. लंडनचं पाणी जड आहे. किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच बॉयलरच्या आतही बसतो.

बस्स, तुमचं काम इथे संपलं. बॉयलरचं झाकण उघडायचं नाही. ओळखीच्या कुणाला उघडू द्यायचं नाही. आम्ही तीच चूक केली. प्रत्येकी २० पौंड काढून एका 'जाणकार' भाऊंना बोलावलं. त्यांनी झाकण उघडलं, काहीतरी फिरवलं, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पैसे गेले ते गेलेच, पण जीवही जाऊ शकला असता. गॅसच्या कामासाठी इथे गेस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेलाच माणूस लागतो. त्याचं ओळखपत्र बिनधास्त मागा. बिघडलेल्या बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. घरात सगळ्यांचंच डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तर बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. बॉयलर आहे त्या खोलीत या वायूचा अलार्म बसवणं आणि दर बारा महिन्यांनी गॅसची तपासणी करून तुम्हाला कागद देणं, हेही मालकाचंच काम.

आता सांगायचं कसं? लेखी. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, ईमेल त्याहून चांगला. तारीख, काय होतं, कधीपासून, काट्याचा फोटो. भांडणाची भाषा नको. उत्तर आलं नाही तर आठवण करा, आणि मग काउन्सिलच्या हाउसिंग विभागाकडे जा. रागाने भाडं मात्र थांबवू नका. थकबाकी झाली की बाजू तुमचीच लंगडी पडते. घर कामाच्या मालकाचं असेल, किंवा घरमालक त्याच घरात राहत असेल, तर नियम वेगळे पडू शकतात. आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला विचारा, तिथे सल्ला फुकट मिळतो.

आम्ही शेवटी मार्चमध्ये मेसेज केला. चार दिवसांत इंजिनिअर आला. क्षारांनी चोंदलेला भाग बदलला, आमच्याकडून एक पेनीही मागितली नाही. मालक एवढंच म्हणाला, "अरे, मग आधी का नाही सांगितलं?"

सगळेच मालक असं म्हणणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण विचारून तर बघा. आम्ही न विचारताच चार महिने थंड पाण्याने आंघोळ केली.