कौत्साचे देणे

आज खंडेनवमी, उद्या दसरा. कारखान्यांत यंत्रे धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू लागेल, गॅरेजांत पान्यांच्या पेटीवर झेंडूची माळ चढेल आणि हिंजवडीपासून खराडीपर्यंत लॅपटॉपच्या झाकणांवर गंधाचे बोट उमटेल. घरोघरी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली जाईल. (संगणकाचे नुसत्या एकाने भागत नाही, त्याला शून्यही लागते, पण सरस्वती तेवढे चालवून घेते.) नोकरीनिमित्त चंदीगडच्या आयटी पार्कात गेलेली आपली मुले मात्र या दिवशी थोडी एकटी पडतात. पंजाबात हत्यारांची पूजा होते ती दिवाळीनंतर, विश्वकर्मा दिनाला. तिथे बसणाऱ्या मराठी मुलाला त्यामुळे वर्षातून दोनदा यंत्रापुढे हात जोडायला मिळतात. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही.

पण हात जोडताना आपण नेमके कोणाला स्मरतो? लॅपटॉप कंपनीचा, त्याचे पैसे चुकते झालेले. आत जे खरे राबते, ते लिनक्स, ते ओपनएसएसएल, ती पोस्टग्रेस, त्यांचा कर्ता कुठल्याच बिलावर नसतो. कोणीतरी लिहिले, सर्वांसाठी खुले ठेवले, आणि त्यावर इथून तिथवर काचेचे मनोरे उभे राहिले.

खुल्या सॉफ्टवेअरवर पोट भरत नाही, असे मात्र कोणी समजू नये. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन १९८५ पासून स्वतःच्याच मुक्त इमॅक्स या संपादकाची टेप १५० डॉलरला विकत होते. ज्याला ती फुकट मिळवता येई त्याने खुशाल मिळवावी, ज्याला टपालाने हवी त्याने पैसे मोजावेत. पुढे रेड हॅट कंपनीने हाच व्यवहार मोठा केला. सॉफ्टवेअर खुले, पैसे सांभाळण्याचे. आणि २०१९ मध्ये आयबीएमने तिला ३४ अब्ज डॉलर मोजून घेतले. पुण्यातल्या तिच्या कार्यालयात कित्येक घरांच्या चुली याच कामावर पेटल्या. आपल्या मुंबईत रुषभ मेहता यांच्या फ्रापेने ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, पगारपत्रक सांभाळणारे सॉफ्टवेअर सगळ्या कोडसकट खुले केले. कंपनी चालते ती ते चालवून देण्याच्या आणि निगा राखण्याच्या उत्पन्नावर. ते बसवून देणारे लहान व्यावसायिक गावोगाव आहेत. दुकानदाराला साठ्याची नोंद कशी करायची हे शेजारी बसून शिकवायचे, जीएसटीचे अडलेले सोडवायचे, आणि त्याचे पैसे घ्यायचे: हा सरळ, मानाचा धंदा आहे.

अडचण आहे ती तळाशी बसलेल्यांची. ज्यांचा कोड कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, त्यांच्याकडे निगेचे कंत्राट घेऊन कोण जाणार? २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधले हार्टब्लीड नावाचे भगदाड उघडकीस आले, तेव्हा जगाला कळले की जगभरच्या बँका आणि बाजार ज्याच्या भरवशावर कुलूप लावतात त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलर देणगी मिळते, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच आहे. दहा वर्षांनी, २०२४ च्या मार्चमध्ये, फायली आवळणाऱ्या एक्सझेड या खुल्या सॉफ्टवेअरची पाळी आली. ते एकट्याने सांभाळणाऱ्या लासे कॉलिन यांनी हे काम बिनपगारी छंद म्हणून चालते, असे दोन वर्षे आधीच लिहून ठेवले होते. मदतीला म्हणून आलेल्याने हळूहळू विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावता लावता.

उद्या आपट्याची पाने वाटताना आपण मुलांना कौत्साची गोष्ट सांगू. त्याचे गुरू वरतंतू यांनी आधी दक्षिणा नकोच म्हटले होते. शिष्याने हट्ट धरला तेव्हा चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. ते मागायला कौत्स रघुराजाकडे गेला, रघुराजासाठी कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला, कौत्साने मोजून चौदा कोटी उचलले, उरलेले लोकांनी लुटले. आपण वर्षानुवर्षे साजरा करतो तो हा शेवटचा भाग. गुरू मागत नसतानाही देणे आपले आहे असे मानणारा तो मुलगा आपल्या उत्सवात कुठेच नाही, आणि आपल्या ताळेबंदात तर नाहीच नाही.

मुळीच नाही म्हणणे अन्यायाचे होईल. शेअर दलालीतल्या झेरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा फ्लॉस फंड जाहीर केला. पण हे काम एका कंपनीच्या औदार्यावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्यांना पैसे देणे जमत नाही त्यांनी आठवड्यातला एखादा दिवस माणूस द्यावा. सापडलेली चूक आपल्यापुरती दुरुस्त करून गप्प न बसता मूळ प्रकल्पाकडे परत पाठवावी. जावास्क्रिप्टच्या कामात 'एनपीएम फंड' एवढी आज्ञा दिली की आपण वापरतो त्यांपैकी कोणकोण मदत मागत आहेत, त्याची यादी पडद्यावर येते. पूजेसाठी मिटलेले लॅपटॉप दसऱ्यानंतर उघडतील, तेव्हा पहिली हीच आज्ञा द्यावी आणि ती यादी दिवाळीच्या बोनसच्या फायलीसोबतच लेखा विभागाकडे पाठवावी.