भरपाई ही भीक नव्हे

मनुष्य गाडीचे तिकीट काढतो, तेव्हा तो केवळ बसावयाची जागा विकत घेत नाही. गाडी चालविणारा, रूळ तपासणारा, सिग्नल सांभाळणारा अशा कितीतरी अनोळखी माणसांच्या हाती तो विश्वासाने आपला जीव सोपवितो. हा विश्वास हाच सार्वजनिक वाहतुकीचा पाया होय. म्हणून प्रवासात कोणी जायबंदी झाला, तर त्याची हानी भरून देणे हे त्या व्यवस्थेचे कर्तव्य ठरते.

परंतु आपल्याकडे या बाबतीत एक विचित्र संकोच आढळतो. "नशिबात होते ते घडले, आता सरकारपुढे हात कशाला पसरावयाचा?" असे पुष्कळजण म्हणतात. या बोलण्यात स्वाभिमान दिसतो खरा, पण विचार मात्र चुकीचा आहे. भीक ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. भरपाई कायद्याने ठरलेली असते.

रेल्वेचेच उदाहरण घ्या. १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गाड्यांची टक्कर झाली किंवा गाडी रुळांवरून घसरली आणि उतारू जखमी झाला, तर रेल्वेची चूक होती हे त्याला सिद्ध करावे लागत नाही. १९९४ साली गाडीतून अपघाताने पडणाऱ्या उतारूलाही हे संरक्षण मिळाले. मात्र जाणूनबुजून स्वतःला इजा करून घेणाऱ्यास किंवा नशेत पडणाऱ्यास ते नाही. कोणत्या दुखापतीस किती रक्कम द्यावयाची, याचे कोष्टकच ठरलेले आहे. मृत्यूबद्दलची ४ लाखांची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये झाली.

यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. आपल्या राज्यात त्याची पीठे मुंबईस व नागपुरास आहेत. अर्ज सामान्यतः एका वर्षाच्या आत करावा लागतो. जखमी व्यक्ती अज्ञान असेल, तर तिच्या वतीने पालक अर्ज करू शकतो. अपघाताच्या गोंधळात तिकीट हरवले, तरी तेवढ्यावरून हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. बसच्या अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण निराळे आहे.

कोणी विचारील, पैशाने गेलेला पाय परत येतो काय? येत नाही. पण त्या पैशाने कृत्रिम पाय बसविता येतो, औषधपाण्याचा खर्च भागतो, आणि मिळवता माणूस अंथरुणास खिळला तरी त्याच्या मुलांची शाळा सुटत नाही. दुःख वाटून घेता येत नाही. त्याचा भार मात्र समाजाला वाटून घेता येतो.

मुलांनो, हक्काला कर्तव्याची जोड हवी. दारात लोंबकळून जीव धोक्यात घालू नये. खोटा दावा तर कधीच करू नये, कारण एका खोट्या दाव्यामुळे दहा खऱ्या दुःखितांकडे लोक संशयाने पाहू लागतात. मात्र शेजारी एखादा निरक्षर मनुष्य प्रवासात जखमी झालेला असेल, तर त्याला या न्यायाधिकरणाची वाट दाखवा, त्याचा अर्ज वाचून दाखवा, मुदतीची आठवण द्या. आपल्या विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता? ज्याला कायदा ठाऊक नाही त्याच्यासाठी कायदा असून नसल्यासारखाच असतो.