कात्रीने कापलेली पट्टी

दापोडे, माणकोली, वळ, पूर्णा या भिवंडी तालुक्यातील गावांच्या शिवारांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्यापासून, दिवसभर उभ्याने खोकी बांधणाऱ्या ज्या स्त्रिया तेथे राबतात, त्यांना पाळीपूर्वीची कंबरदुखी वा पाळीतील पोटदुखी एवढ्यासाठी रोजाचा खाडा करणे परवडत नाही. मग कामावर येता येता ‘मेडिकल’मध्ये ‘पाळीची गोळी द्या’ एवढेच पुटपुटावे आणि दुकानदाराने पट्टीतून कात्रीने दोन गोळ्या कापून पुढे सरकवाव्यात, असा रिवाज पडला आहे. औषधाचे नाव, मुदत व इशाऱ्याची लाल रेघ बहुधा उरलेल्या पट्टीवरच राहतात.

या गोळीत बहुतेक वेळा मेफेनॅमिक ॲसिड व डायसायक्लोमिन असते. यांपैकी मेफेनॅमिक ॲसिड नियमांनुसार ‘शेड्यूल एच’मध्ये मोडते, म्हणजे चिठ्ठीवाचून विकण्याची मुभा नाही, तरी ते बिनदिक्कत विकले जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने या द्रव्यामुळे उद्भवू शकणाऱ्या ‘ड्रेस’ नामक विरळ, पण गंभीर प्रतिक्रियेविषयी इशारा दिला, तेव्हा वृत्तपत्रांत मोठा गाजावाजा झाला. परंतु नित्याचा धोका याहून साधा आहे. सकाळी डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलेली बाई दुपारी ही गोळी घेते, तेव्हा एकाच जातीची दोन औषधे तिच्या जठरावर तुटून पडतात. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन किंवा नैराश्यावरील काही गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची भीती वाढते; लिथियमचे रक्तातील प्रमाण चढते; रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांचा गुण उणावतो व मूत्रपिंडावर ताण येतो. सर्दीच्या गोळीसोबत डायसायक्लोमिन घेतल्यास गुंगी येते, आणि मालाच्या गाड्या फिरत असलेल्या गोदामात ती गुंगी क्षुल्लक नव्हे.

चिठ्ठीवाचून गोळी देऊच नये, असा कडक अंमल कोणी सुचवील. मला तो पटत नाही, कारण डॉक्टरांची फी आणि बुडालेला रोज यांचा हिशेब मांडून ती बाई दुखणेच अंगावर काढील. गल्ल्यामागे बसलेल्या नोंदणीकृत औषधनिर्मात्याने, ज्याच्या देखरेखीवाचून चिठ्ठीचे औषध देऊ नये असे नियमच सांगतात, ‘ताई, आणखी कोणती गोळी चालू आहे? जठराचा, मूत्रपिंडाचा त्रास आहे का? दिवस तर राहिले नाहीत ना?’ इतके हळू आवाजात विचारावे, शंका आल्यास तिला डॉक्टरांकडे धाडावे, आणि पुडीवर औषधाचे नाव देवनागरीत लिहून द्यावे. गर्दीची सबब येथे चालण्याजोगी नाही. सुट्टे पैसे मोजायला याहून अधिक वेळ जातो.