रात्रीचा डोस

स्तनाचा किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पसरला, की पुष्कळदा रात्रीची वेदना असह्य होते. कूस बदलणेही कठीण जाते. पळसदरीसारख्या गावातून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय गाठायचे, तर रुग्णाला लोकलच्या लांब प्रवासातले धक्के सोसावे लागतात. त्यामुळे खरी परीक्षा घरीच होते.

अशा वेळी वडीलधारी मंडळी वेदनेला कर्मनिर्जरा मानून ओठ मिटून घेतात, आणि घरचे त्यांच्या धैर्याचे कौतुक करतात. परंतु तपातील कष्ट स्वेच्छेने पत्करलेले असतात. ज्या वेदनेत नवकारही पूर्ण म्हणवत नाही, ती समतेला पोषक कशी ठरेल?

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे जुने व खात्रीचे औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर ते दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांचा मार्ग सुकर केला. वेदनेसाठी वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठ मात्र बहुधा होतोच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून हवे.

साधी गोळी सुमारे चार तास पुरते. दुखू लागल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे ती द्यायची असते. येथेच चौविहार आडवा येतो. संध्याकाळचा डोस चुकला, की मध्यरात्री वेदना उसळते आणि मग ती आवरता आवरत नाही. बारा तास पुरणारी गोळीही मिळते (ती कुटून किंवा चावून कधीच घेऊ नये), तेव्हा नियम आधीच डॉक्टरांना सांगावा. पच्चक्खाणात आगार असतात, याचे स्मरण महाराजसाहेबांकडूनही करून घ्यावे.

हाडांची झीज रोखण्यासाठी झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून, किंवा डेनोसुमॅब त्वचेखाली देतात. ही तत्काळ वेदनाशामके नव्हेत. हाड मोडण्याचा धोका ती कमी करतात. त्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, कारण नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड बिघडू शकते. रक्तातील कॅल्शियमही पाहावे लागते. झोलेड्रोनिक आम्लाचा भार मूत्रपिंडावर पडतो. निर्जळ उपवासाच्या दिवसांत ते घेणे धोक्याचे. एकच दुखरी जागा असेल, तर एका बैठकीचा किरणोपचारही पुष्कळदा पुरतो.

पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी अडली, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा सकाळच्या गाडीची वाट पाहू नये. रात्रीच वाहन करून निघावे.